ठेका कोणाकडे

धरणगावात, बंद पडलेल्या जिनिंगच्या
वजनकाट्याच्या खोलीत मी बसतो.
भिंती दोन हात जाड, बाहेरचा ट्रॅक्टर आत येत नाही;
मे महिन्यात पंखा लावता येत नाही,
माइकला वारा लागतो.

टेबलावर तीन पेट्या.
एक शहाद्याच्या ऑर्केस्ट्रावाल्याची, तो आता डेअरीवर दूध मोजतो;
एक पारोळ्याची, हप्ते थकले म्हणून उतरवलेली;
तिसरी माझी, नवी, तिच्या काचेवरचं प्लास्टिक
मी अजून काढलेलं नाही.
प्रत्येकीला आठ भोकं. आठ त्रिक चोवीस.
कॉम्प्युटरला मात्र एकच कान.

भिकन बाविस्करांचं वहीगायनाचं मंडळ येणार होतं:
माणसं अकरा, डफ तीन,
झांजा मोजल्या नाहीत.

जळगावला गोलाणी मार्केटातून स्विच आणला,
तीस मीटर वायर, जॅक पुडीभर.
रात्री दातांनी साल सोलून तारा ओळीनं लावल्या:
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, आणि मग कुठे हिरवा.
हिरव्याच्या जोडीत निळे का शिरतात
हे मला कोणी सांगितलं नाही.
शिरले नाहीत तर वायर नीट बोलत नाही, एवढं कळलं.

पहिल्या दिवशी वही चाळीस मिनिटं चालली.
ऐकायला बसलो तर विसाव्या मिनिटापासून
डफ पुढे, गळा मागे,
केसाएवढं अंतर, आणि मधूनच
गरम तव्यावर थेंब पडावा तसं
टक्.
कोणी चुकलं नव्हतं.
तिन्ही पेट्या सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा
श्वास घेत होत्या,
पण प्रत्येकीचा सेकंद तिच्या तिच्या घरचा.

भिकनबाबांना सांगायला लाज वाटली.
सांगितलं.
तंबाखू मळता मळता म्हणाले,
"ठेका एकनाच राहास भाऊ,
बाकीनास्नी आयकानं."
जसं काही मी विचारलं होतं
तापी कुठल्या बाजूला वाहते.

त्या रात्री सेटिंगमध्ये शिरलो.
पेट्यांना सांगता येतं म्हणे,
तुमच्यातली पुढे कोण ते तुम्हीच ठरवा.
ठरवलं त्यांनी. दोन सेकंदांत निवडणूक,
ना गुलाल, ना पंगत, ना कोणाची पाइपलाइन फुटली.
मला वाटलं नवी येईल.
निवडून आली शहाद्याची,
जिची दोन बटणं चिकटपट्टीनं धरलेली आहेत.
मी हरकत घेऊन बघितली, नवीला पुढे केलं.
तीही चांगली चालली, खोटं कशाला बोलू.
तरी परत शहाद्याचीलाच बसवली.
का ते विचारू नका.

मंडळ पुन्हा आलं सतरा तारखेला.
तीन वाजता लाईट गेली.
इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर होता, पेट्या होत्या,
स्विच नव्हता.
अकराशे रुपयांचा तो डबा मी विसरलो होतो.
तारा जागच्या जागी, पेट्या जाग्या,
आणि कोणाचं कोणाला ऐकू येईना.

मी हात हलवले, थांबा म्हणून.
भिकनबाबांचे डोळे मिटलेले.
पितांबर डफ छातीशी धरून
त्यांच्या खांद्याकडे बघत होता,
झांजवाले पितांबरकडे,
आणि दारात चहाची किटली घेतलेला पोऱ्या
कोणाकडेच न बघता टाचेनं बरोबर येत होता.
मी हात खाली घेतले.

अकरा मिनिटं.
मग स्विचचे दिवे आले. पिवळे, पिवळे,
एक हिरवा: शहाद्याची.
मग दोघी तिच्या मागून.
खोलीत वही चालूच होती. मी लाल बटण दाबलं.

ती फाईल तशीच ठेवलीय.
'ना' या अक्षरानं सुरू होते,
कुठल्या तरी शब्दाचं शेपूट.
आधी काय होतं, बाबांना विचारलं.
किटलीतला उरलेला चहा बशीत ओतत म्हणाले,
"आते कसं सांगू?
गाईसनी देखनं पडी."